पळसाला पाने तीनच: चौथी सिंक्रोनस रेप्लिका का मिळाली नाही

प्रकरण मुंबईतल्या एका नागरी सहकारी बँकेचे आहे. कोअर बँकिंग, म्हणजे खात्यांचे मूळ सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २०१७ या डेटाबेसच्या एंटरप्राइझ एडिशनवर चालते. खाली विंडोज क्लस्टर आणि त्यावर एकच ऑलवेज ऑन अ‍ॅव्हेलेबिलिटी ग्रुप, त्यात १४ डेटाबेस. असा ग्रुप म्हणजे त्याच डेटाबेसच्या प्रती अनेक सर्व्हरवर ठेवण्याची सोय: प्रत्येक प्रत ही रेप्लिका, जिच्यावर लिहिले जाते ती प्रायमरी, बाकीच्या सेकंडरी. सर्व्हर पाच आहेत: दोन अंधेरीच्या एमआयडीसीत, दोन ऐरोलीला, एक हैदराबादला. पुढे त्यांना अंधेरी-१, अंधेरी-२, ऐरोली-१, ऐरोली-२ आणि हैदराबाद असेच म्हटले आहे.

रनबुकाच्या, म्हणजे कोणत्या वेळी काय करायचे ते सांगणाऱ्या पुस्तिकेच्या, पहिल्याच पानावर तक्ता होता. अंधेरी-ऐरोलीचे चारही सर्व्हर सिंक्रोनस (व्यवहार पक्का करण्याआधी त्यांच्या पोचेची वाट पाहिली जाते), हैदराबाद असिंक्रोनस (वाट पाहिली जात नाही). तक्त्यावर आयटी प्रमुखांची सही होती, ऑडिटमध्ये तो दाखवून झाला होता, आणि त्यातली एक ओळ पहिल्या दिवसापासून चुकीची होती. ऐरोली-२ कधीच सिंक्रोनस नव्हता. असू शकलाच नसता.

ड्रिलच्या रात्री

शनिवारी दिवसअखेरची बॅच संपल्यावर डीआर ड्रिल, म्हणजे आपत्तीत दुसऱ्या केंद्रावरून काम चालवण्याचा सराव, ठेवली होती: प्रायमरी अंधेरी-१ वरून ऐरोलीला हलवायची, सोमवार पहाटेपर्यंत तिथून चालवायची, मग परत आणायची. नेहमी ऐरोली-१ वर जायचे. या वेळी तो फर्मवेअरच्या कामासाठी बंद ठेवला होता, म्हणून लक्ष्य ऐरोली-२. रनबुकाप्रमाणे दोन्ही सारखेच, त्यामुळे कोणाला काही वाटले नाही.

फेलओव्हर म्हणजे प्रायमरीची भूमिका दुसऱ्या सर्व्हरकडे देणे. त्याचा विझार्ड उघडल्यावर ‘फेलओव्हर रेडिनेस’ हा रकाना दिसतो. अंधेरी-२ समोर ‘नो डेटा लॉस’ होते. ऐरोली-२ समोर ‘डेटा लॉस’ आणि शेजारी वॉर्निंगची संख्या. डॅशबोर्डवर मात्र त्याच सर्व्हरसमोर हिरवी टिकली होती आणि स्थिती ‘सिंक्रोनायझिंग’.

या एका शब्दाने दीड वर्ष फसवले. सिंक्रोनस रेप्लिका जुळलेली असेल तर स्थिती ‘सिंक्रोनाइज्ड’ अशी दिसते. असिंक्रोनस रेप्लिका कितीही ठणठणीत असली, एक बाइटही मागे नसली, तरी तिची स्थिती ‘सिंक्रोनायझिंग’च राहते, कारण तिच्याकडून त्याहून जास्त अपेक्षाच नसते. डॅशबोर्ड तिला निरोगी मानून हिरवे देतो. रोज सकाळी स्क्रीनशॉट काढून मेल करणाऱ्या माणसाला रंग दिसतो. ‘ज्ड’ आणि ‘झिंग’ यांतला फरक दिसत नाही.

मग सिस्टिम व्ह्यूमधून (सर्व्हर स्वतःची माहिती देतो त्या तक्त्यातून) रेप्लिकांची यादी काढली. पाच ओळी, प्रत्येकीत अ‍ॅव्हेलेबिलिटी मोड आणि फेलओव्हर मोड. अंधेरी-१, अंधेरी-२, ऐरोली-१ सिंक्रोनस; ऐरोली-२ आणि हैदराबाद असिंक्रोनस. ही यादी काढायला दहा सेकंद लागतात. रनबुकातला तक्ता हाताने टाइप करण्याऐवजी या यादीतून उचलला असता, तर हे प्रकरणच उभे राहिले नसते.

खोलात गेल्यावर उभारणीच्या वेळचे तिकीट सापडले. इंजिनिअरने ऐरोली-२ सिंक्रोनस करून पाहिला होता, सर्व्हरने मर्यादा ओलांडल्याची एरर दिली, त्याने ‘तूर्तास असिंक्रोनस ठेवले, व्हेंडरशी बोलणे बाकी’ असे लिहून तिकीट बंद केले. बोलणे बाकीच राहिले.

आठ, नऊ, पाच, तीन, दोन

डिझाइनच्या फाइलीत मर्यादेचे पाच वेगवेगळे आकडे निघाले. गंमत अशी की त्यातला एक सोडला तर बाकी चारही आपापल्या जागी खरे होते.

व्हेंडरच्या प्रस्तावात होते: ‘८ सेकंडरीपर्यंत सिंक्रोनस रेप्लिकेशन’. हा तेवढा खोटा. एसक्यूएल सर्व्हर २०१४ पासून एका ग्रुपमध्ये एक प्रायमरी आणि ८ सेकंडरी ठेवता येतात. २०१२ मध्ये सेकंडरी ४ च होत्या. पण ही एकूण संख्या आहे. प्रस्ताव लिहिणाऱ्याने ती सिंक्रोनसच्या रकान्यात टाकली. आर्किटेक्चरच्या नोंदीत ९ लिहिले होते, तेही बरोबर, प्रायमरी धरून. डिझाइन डॉक्युमेंटमध्ये ‘५ सिंक्रोनस रेप्लिका’ होते. हे वाक्य एसक्यूएल सर्व्हर २०१९ साठी खरे आहे: त्या व्हर्जनपासून प्रायमरी धरून ५ सिंक्रोनस रेप्लिका चालतात आणि पाचही ऑटोमॅटिक फेलओव्हरमध्ये घेता येतात. बँकेत बसवले होते २०१७. तिथे मर्यादा ३, प्रायमरी धरून. ट्रेनिंगच्या वहीत ‘२ सिंक्रोनस सेकंडरी’ होते. तीच तीन, फक्त प्रायमरी वगळून मोजलेली.

ऑटोमॅटिक फेलओव्हरचा आकडा आणखी वेगळा चालतो. २०१२ आणि २०१४ मध्ये प्रायमरी धरून २, २०१६ आणि २०१७ मध्ये ३, २०१९ पासून ५. म्हणजे २०१४ मध्ये तीन सर्व्हर सिंक्रोनस असले तरी आपोआप ताबा घेणारा त्यांतला एकच. स्टँडर्ड एडिशनचा हिशेब तर निराळाच: २०१६ पासून तिथे बेसिक अ‍ॅव्हेलेबिलिटी ग्रुप मिळतो, त्यात रेप्लिका दोनच, ग्रुपमागे डेटाबेस एक, आणि सेकंडरीवर ना रिपोर्ट चालवता येत, ना बॅकअप घेता येत.

तेव्हा कागदावर मर्यादेचा आकडा दिसला की त्याच्या शेजारी चार गोष्टी लिहिलेल्या हव्यात: व्हर्जन, एडिशन, प्रायमरी धरून की सोडून, आणि मर्यादा कशाची, एकूण रेप्लिकांची, सिंक्रोनसची की ऑटोमॅटिक फेलओव्हरची. यातले एकही नसेल तर तो आकडा टेंडरमध्ये घेऊ नये. ऑनलाइन मॅन्युअल वाचताना व्हर्जन निवडायची सोय असते, पण सर्चमधून आलेला माणूस बहुधा सगळ्यात नव्या व्हर्जनच्या पानावर उतरतो आणि तिथले वाक्य कॉपी करतो. वाक्य फाइलीत येते, व्हर्जन तिथेच राहते.

या बँकेच्या कागदांत ‘५’ ने तर तीन सोंगे घेतली होती. नोड पाच, क्लस्टरची मते (बहुमत असलेली बाजूच चालू राहते) पाच आणि डिझाइनमधल्या सिंक्रोनस रेप्लिकाही पाच. मीटिंगमध्ये ‘पाच झाले ना?’ असे विचारले की प्रत्येक जण आपापल्या पाचाला मान डोलवत असे. मतांचे पाच खरे तर वेगळेच पाच आहेत: अंधेरीचे दोन, ऐरोलीचे दोन आणि दादरच्या मुख्य कार्यालयातला फाइल शेअर विटनेस (फक्त मतापुरते ठेवलेले सामायिक फोल्डर), हैदराबादचे मत मुद्दाम शून्य केलेले. विटनेस अंधेरीत ठेवला असता तर अंधेरी एकदम गेल्यावर ऐरोलीकडे पाचपैकी दोनच मते उरली असती आणि सुस्थितीतले दोन सर्व्हर बहुमताअभावी बसून राहिले असते. एवढी एक गोष्ट या मांडणीत सुरुवातीपासून बरोबर होती.

मर्यादेचेही प्रकार असतात. ३ किंवा ५ ही प्रॉडक्टमध्येच बांधलेली मर्यादा आहे, सर्व्हर कमांड नाकारतो. याच मॅन्युअलमध्ये एका मशिनवर १० ग्रुप आणि १०० डेटाबेस हा आकडा येतो, तो मात्र निर्मात्याने चाचणी करून पाहिलेला आहे, बंधन नव्हे. तुमच्या मशिनचे वर्कर थ्रेड त्याआधीच संपू शकतात किंवा त्यापुढेही पुरू शकतात. पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये वॉल सेंडरचे (प्रतींना लॉग पाठवणाऱ्या प्रक्रियांचे) १० हे नुसते डीफॉल्ट सेटिंग आहे, वाढवता येते, त्यासाठी रीस्टार्ट लागतो. शिवाय दहा सेंडर म्हणजे दहा स्टँडबाय असेही नाही, कारण बेस बॅकअप चालू असताना तोच दोन सेंडर अडवतो. मोंगोडीबीच्या रेप्लिका सेटमध्ये ५० सदस्य चालतात, पण मतदार ७ च. मायएसक्यूएलच्या ग्रुप रेप्लिकेशनमध्ये ९. हे सगळे आकडे एकाच तुलनात्मक तक्त्यात ‘कमाल रेप्लिका’ या मथळ्याखाली टाकणारे सल्लागार भरपूर आहेत.

‘क्यू शून्य आहे, फोर्स करा’

ड्रिलच्या रात्री हा, म्हणजे ऐरोली-२ ला जबरदस्तीने प्रायमरी करण्याचा, सल्ला आला, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता. लॉग सेंड क्यू (बदलांच्या नोंदीचा, म्हणजे लॉगचा, पाठवायचा राहिलेला भाग) शून्य केबी होती, अ‍ॅप्लिकेशन बंद होते, नवे व्यवहार येत नव्हते. दोन्हीकडचा शेवटचा लॉग क्रमांक जुळवून पाहिला असता तर डेटा गेला नसता, हे खरे. तरी डीबीएने (डेटाबेस सांभाळणाऱ्याने) नकार दिला. त्याची कारणे समजून घेण्यासारखी आहेत.

फोर्स्ड फेलओव्हरनंतर नवी प्रायमरी उभी राहते आणि उरलेल्या रेप्लिकांवरचे डेटाबेस सस्पेंड होतात. ते आपोआप चालू होत नाहीत. प्रत्येक रेप्लिकेवर प्रत्येक डेटाबेस हाताने रिझ्यूम करावा लागतो. इथे १४ डेटाबेस आणि ४ रेप्लिका, म्हणजे ५६ वेळा. स्क्रिप्टने होते, पण ती स्क्रिप्ट लिहिलेली नव्हती, आणि रात्री एक वाजता ती पहिल्यांदा लिहू नये. रिझ्यूम होईपर्यंत प्रायमरीचा लॉग कापला जात नाही आणि लॉगची डिस्क भरत राहते.

दुसरे कारण जास्त चोरटे आहे. प्रायमरी स्वतः असिंक्रोनस म्हणून नोंदलेली असेल तर बाकीच्या रेप्लिकांचा मोड काहीही असो, सगळा ग्रुप असिंक्रोनसच चालतो. सिंक्रोनस कमिटसाठी (कमिट म्हणजे व्यवहार पक्का करणे) दोन्ही टोके सिंक्रोनस लागतात. ऐरोली-२ ला जबरदस्तीने प्रायमरी केले असते तर सोमवारी बँक उघडल्यावर पाचही सर्व्हर चालू दिसले असते आणि एकाही व्यवहाराची दुसरी प्रत हमीने लिहिली गेली नसती.

बरोबर वाट लांब नव्हती, फक्त मंजूर प्लॅनमध्ये नव्हती. म्हणून त्या रात्री ड्रिल थांबवली आणि पुढच्या शनिवारी अशी केली:

एक, ऐरोली-१ असिंक्रोनस केला. तो बंद असला तरी नोंदीत सिंक्रोनस होता, आणि मर्यादा नोंदीतल्या रेप्लिका मोजते, चालू असलेल्या नव्हे. त्याचा फेलओव्हर मोड आधीच मॅन्युअल होता. ऑटोमॅटिक असता तर आधी मॅन्युअल करावा लागला असता, नाहीतर असिंक्रोनसची कमांड नाकारली जाते. हे सगळे बदल प्रायमरीवरूनच चालवायचे. दोन, मोकळ्या झालेल्या जागी ऐरोली-२ सिंक्रोनस केला. तीन, थांबायचे. १४ च्या १४ डेटाबेसवर ‘सिंक्रोनाइज्ड’ येईपर्यंत. तेरावर आले म्हणून पुढे जायचे नाही. चार, ऐरोली-२ वर जोडून तिथून साधा, नियोजित फेलओव्हर. पाच, अ‍ॅप्लिकेशन लिसनरच्या (प्रायमरी कुठेही असली तरी तिच्याकडे नेणाऱ्या पत्त्याच्या) नावाने जोडले जाते का ते एका शाखेतून एक नोंद टाकून तपासले. या वेळी रेडिनेसच्या रकान्यात ‘नो डेटा लॉस’ होते.

चौथी हवीच कशाला?

ड्रिलनंतर साहजिक प्रश्न आला: तीन पुरत असतील तर चौथीचा हट्ट कशाला? याचे उत्तर दोन बाजूंनी द्यावे लागते.

सिंक्रोनस रेप्लिका फुकट येत नाही. कमिटच्या वेळी प्रायमरी सर्व जुळलेल्या सिंक्रोनस सेकंडरींनी लॉग डिस्कवर लिहिल्याची पोच यायची वाट पाहते, म्हणजे वेग सगळ्यात सुस्त सर्व्हर ठरवतो. फायबरमध्ये प्रकाशाला किलोमीटरमागे सुमारे ५ मायक्रोसेकंद लागतात. अंधेरी ते ऐरोली लाइन ३५ किलोमीटर फिरून जात असेल तर जाऊन-येऊन ०.३५ मिलिसेकंद, त्यावर स्विच, डिस्क वगैरे. हैदराबादची लाइन ७०० किलोमीटर धरली तरी नुसत्या प्रकाशाचे ७ मिलिसेकंद होतात, म्हणून ती असिंक्रोनसच बरी.

मिलिसेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतो. पण व्याज लावण्याची बॅच १० लाख खात्यांवर एकेक ओळ कमिट करत असेल आणि प्रत्येक कमिटला २ मिलिसेकंद जास्त लागले, तर २,००० सेकंद, म्हणजे ३३ मिनिटे वाढतात. हजार-हजार ओळींनी कमिट केले तर तीच वाढ २ सेकंदांची. रेप्लिका वाढवण्याआधी बॅच लिहिणाऱ्याशी बोलणे जास्त फायद्याचे असते. प्रत्यक्ष वाट किती पाहिली जाते हे ‘एचएडीआर सिंक कमिट’ या वेटच्या (सर्व्हर ठेवतो त्या प्रतीक्षेच्या नोंदीच्या) एकूण वेळेला त्याच्या संख्येने भागून कळते. बदलाच्या आधी आणि नंतर, बॅचच्या वेळेतला फरक घ्यायचा, सर्व्हर चालू झाल्यापासूनची सरासरी नव्हे.

आता दुसरी बाजू. बँकेत समजूत होती की सिंक्रोनस म्हणजे डेटा जाणे अशक्य. एसक्यूएल सर्व्हरमध्ये तसे नाही. सेकंडरीशी संपर्क तुटला आणि सेशन टाइमआउट, डीफॉल्ट १० सेकंद, संपला की प्रायमरी तिला सोडून एकटी पुढे जाते. धंदा थांबू नये म्हणून हे मुद्दाम तसे केलेले आहे. पोस्टग्रेस याच्या बरोबर उलटे वागतो: सिंक्रोनस ठरवलेला स्टँडबाय गेला आणि दुसरा नसला तर कमिट अडकून राहते. दोघांच्या कागदावर शब्द एकच, ‘सिंक्रोनस’. एकावरून दुसऱ्यावर गेलेल्या टीमने हे आधी ताडून घ्यावे.

एसक्यूएल सर्व्हर २०१७ पासून यासाठी एक सेटिंग आहे: कमिटसाठी किमान किती जुळलेल्या सिंक्रोनस सेकंडरी हव्यात. विंडोज क्लस्टरवर डीफॉल्ट ० असते. २ ठेवले तर तीन-रेप्लिकांच्या मांडणीत कोणतीही एक सेकंडरी पॅचसाठी बंद केली की लिखाण अडते. बँकेने १ ठेवले. आणि इथेच चौथीची खरी गरज समोर आली.

अंधेरीचे अख्खे डेटा सेंटर गेले असे धरा. ऐरोली-१ मॅन्युअल फेलओव्हरने प्रायमरी होतो. त्याच्या दोन्ही सिंक्रोनस जोडीदार अंधेरीत, म्हणजे मेलेल्या. ऐरोली-२ शेजारच्या रॅकमध्ये धडधाकट, पण असिंक्रोनस. किमान १ ची अट पुरी होत नाही आणि बँक चालू होऊनही पैसे जमा करता येत नाहीत. ही पाळी कागदावर कोणाच्या लक्षात आली नव्हती. टेस्ट क्लस्टरवर अंधेरीचे दोन्ही नोड एकदम बंद केल्यावर दिसली.

त्यावरचा उतारा आता रनबुकात आहे. ऐरोली-१ प्रायमरी झाल्यावर अंधेरी-२ आधी मॅन्युअल, मग असिंक्रोनस. लगेच ऐरोली-२ सिंक्रोनस. जुळले की लिखाण सुटते. तीन कमांड, क्रम न चुकता. घाईत कोणी आधी ऐरोली-२ सिंक्रोनस करायला गेला तर तीच जुनी एरर येते, कारण मेलेल्या दोन रेप्लिका अजून मोजल्या जात असतात. २०१९ किंवा त्यापुढचे व्हर्जन असते तर चारही आधीपासून सिंक्रोनस ठेवता आले असते आणि हा क्रम पाठ करावा लागला नसता. पाचच्या मर्यादेचा या बँकेला एवढाच, पण खरा, उपयोग आहे.

अंधेरी आणि ऐरोली एकमेकांपासून किती स्वतंत्र, हाही प्रश्न विचारावा लागला. १२ ऑक्टोबर २०२० च्या सकाळी मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईची वीज एकदमच गेली होती. त्या दिवशी दोन्ही डेटा सेंटर जनरेटरवर गेली असती. डिझेल किती तासांचे, हे दोन्हीकडे वेगवेगळे विचारायचे. दोन कंपन्यांच्या दोन लीज लाइन घेतल्या तरी खाडी ओलांडताना त्या एकाच डक्टमधून जात असतील तर खोदकामात दोन्ही एकाच फावड्याने तुटतात. रूटचा नकाशा लेखी मागावा. तोंडी ‘पूर्ण वेगळा रूट आहे साहेब’ यावर विसंबू नये.

अपग्रेडचा क्रम

एसक्यूएल सर्व्हर २०१७ चा विस्तारित सपोर्ट १२ ऑक्टोबर २०२७ ला संपतो, त्यामुळे अपग्रेड कधीतरी करायचाच होता. या प्रकरणाने तो अलीकडे ओढला. क्रम ठरला तो असा: आधी सगळे ऑटोमॅटिक फेलओव्हर मॅन्युअल करायचे, नाहीतर मध्येच ग्रुप आपल्या मनाने उडी मारतो. पहिला हैदराबाद, मग ऐरोली-२, मग ऐरोली-१ आणि अंधेरी-२. प्रायमरी शेवटी. जुन्या व्हर्जनची प्रायमरी नव्या व्हर्जनच्या सेकंडरीला लॉग पाठवू शकते. उलटे चालत नाही. त्यामुळे नव्या व्हर्जनच्या सर्व्हरवर फेलओव्हर केला की डेटाबेस वर चढतात आणि जुना प्रायमरी अपग्रेड होईपर्यंत बाहेर राहतो. तिथून परतीची वाट फक्त बॅकअपची. व्हर्जन मिश्र असेपर्यंत अपग्रेड झालेल्या सेकंडरीवर रिपोर्ट वाचता येत नाहीत, म्हणून एमआयएस (अहवाल काढणाऱ्या) विभागाला तो शनिवार-रविवार आधीच कळवायचा.

रनबुकाच्या पहिल्या पानावरचा टाइप केलेला तक्ता काढून टाकला आहे. त्या जागी सिस्टिम व्ह्यूची क्वेरी आहे आणि तिचे दर सोमवारी आपोआप चिकटवले जाणारे उत्तर: सर्व्हरचे नाव, व्हर्जन, एडिशन, मोड, फेलओव्हर मोड. खाली एक ओळ: ‘सिंक्रोनस कमाल ३, प्रायमरी धरून, व्हर्जन २०१७, एंटरप्राइझ. व्हर्जन बदलल्यास ही ओळ टेस्ट क्लस्टरवर चौथी रेप्लिका जोडून पाहूनच बदलावी.’